सरांच्या पट्ट्याचं माप

आमच्या कराटेच्या सरांनी आयुष्यात कुणाला मारलं नाही. काळा पट्टा बांधणाऱ्या माणसाविषयी हे लिहिताना जरा चमत्कारिक वाटतं, पण खरं आहे. एकदा संधी चालून आली होती, तीही त्यांनी नमस्कारात घालवली.

काळाचौकीच्या नाक्यावर एका पोराने एका बाईंच्या हातातला मोबाइल हिसकावला आणि पळत सुटला तो थेट सरांच्या पुढ्यात. गल्ली अरुंद. एका बाजूला टेम्पो उभा, दुसऱ्या बाजूला सर, आणि सर काही टेम्पोहून फार कमी नव्हते. चोर थांबला. सरही थांबले. त्यांनी टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकून त्याला रीतसर वंदन केलं. मान वर करेपर्यंत तो टेम्पोखालून पसार झाला होता. त्या बाईंनी सरांवर असं तोंड सोडलं की चोराच्या वाटची पण बोलणी सरांनीच खाल्ली. सर शांतपणे म्हणाले, "ताई, वंदनाआधी हात उचलला तर त्यात आणि गुंडगिरीत फरक काय राहिला?"

"माझा मोबाइल राहिला असता," बाई म्हणाल्या.

पुढे आम्ही वर्गातल्यांनी वर्गणी काढून त्यांना जुना का होईना, एक मोबाइल घेऊन दिला. सरांचं न मारणं आम्हाला नेहमीच महागात पडायचं.

आता सरांची चाळ पाडलीय, सर गावी कुडाळकडे जाऊन राहिलेत, आणि वर्ग भरायचा त्या अंगणात पत्रे ठोकलेत. पण मी पस्तिशी ओलांडल्यावर कराटे शिकायला गेले ती त्याच अंगणात. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत मी दिवसभर खुर्चीत बसते. कंबर धरली, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. ऑफिसच्या खालच्या जिमची फी ऐकल्यावर कंबर आपोआप थोडी सुटली. मग कुणीतरी म्हणालं की चाळीच्या अंगणात एक रिटायर्ड माणूस फुकट कराटे शिकवतो. फुकट म्हटल्यावर मी गिरणगावातल्या चार पिढ्यांना स्मरून लगेच गेले.

"फी किती सर?"

"फी नाही. काम आहे."

हातात झाडू आला. पहिले दोन आठवडे मी चाळीचा जिना झाडला. माझ्यासोबत दुसरीतली पोरं झाडत होती आणि मला "काकी, कोपरा राहिला" म्हणून सांगत होती. सरांच्या शाळेत पट्टे मिळायचे ते अशा कामांवर. लाथ कितीही उंच जावो, पिवळा पट्टा जिना स्वच्छ झाल्याशिवाय नाही. नारिंगी पट्ट्यासाठी चाळीतल्या म्हाताऱ्यांचं रेशन आणायचं. हिरव्याची परीक्षा सगळ्यात कठीण होती. चाळीतल्या एका एकट्या माणसापुढे तासभर बसून त्याचं बोलणं ऐकायचं, आणि मोबाइलकडे बघायचं नाही. धडधाकट मुलं त्यात नापास झाली. मला परीक्षेला एक निवृत्त गिरणी कामगार आले होते. ते संपाच्या आधीपासून सुरू झाले. मी पास झाले, पण त्या तासानंतर मला दोन दिवस कुणी काही सांगायला आलं की धडकी भरायची.

सर पाणीखात्यातून निवृत्त झाले होते. त्यामुळे वर्ग सुरू होताना पहिलं वंदन अंगणातल्या नळाला. मग भिंतीला, मग जमिनीला, मग एकमेकांना. नळाला पाणी नसलं तरी वंदन व्हायचंच. "तो देतो तेव्हा आपण भांडतो, देत नाही तेव्हा शिव्या देतो. कधीतरी नुसतं नीट बघा त्याच्याकडे," असं ते म्हणायचे. त्यांचं जपानी कुठून आलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "हाजिमे" म्हणजे सुरू करा, एवढं आम्हाला कळायचं, कारण त्याला जोडूनच "चला, लागा कामाला" असायचं. आमच्या ऑफिसात एकदा एक खरेखुरे जपानी साहेब आले. मी हौसेने त्यांना वर्गावर घेऊन गेले. त्यांनी पाऊण तास अदबीने सगळं बघितलं आणि निघताना मला हळूच विचारलं, की ही भाषा महाराष्ट्राच्या कोणत्या भागातली. सरांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, त्यांचा अभ्यास कमी पडला असेल.

पण सरांचा खरा हात दिसायचा तो देणगी मागण्यात. आमच्या भागात वर्गणी मागायची एक पद्धत आहे. दहा जण दारात उभे राहतात, पावतीपुस्तक पुढे करतात, आणि तुमची इच्छा काय ते तेच ठरवतात. सरांना याची चीड होती. ते म्हणायचे, "त्रास मागणाऱ्याला झाला पाहिजे, देणाऱ्याला नाही." म्हणून आमच्याकडे नियम असा, की दारात गेल्यावर आधी वंदन, मग घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहायचं, कराटेत ज्याला किबा दाची म्हणतात तसं, आणि समोरचा हो किंवा नाही म्हणेपर्यंत हलायचं नाही. लोक घरात जाऊन विचार करायचे, नवऱ्याला फोन लावायचे, डाळीला फोडणी द्यायचे, आणि आम्ही उंबऱ्यावर मांड्या थरथरवत उभे. बऱ्याच जणांनी देणगी दिली ती समाजसेवेला नव्हे, आमच्या गुडघ्यांना दिली.

एकदा मी सरांना आमच्या ऑफिसात घेऊन गेले. समाजकार्याचा निधी ज्यांच्या हातात होता त्या मॅडमना भेटायचं होतं. सरांनी त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांच्या पाठीवर पैसे पाठवायचा क्यूआर कोड शिवून घेतला होता. कुणी देणगी द्यायला मोबाइल काढला की सर पाठ करून वाकायचे आणि पलीकडून 'टिंग' वाजेपर्यंत तसेच राहायचे. देणं आणि वंदन एकाच खेपेत उरकतं, असा त्यांचा हिशेब. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "वी विल गेट बॅक टू यू." मी उठले. सर उठले आणि तिथेच, गालिच्यावर, घोडा करून उभे राहिले.

"सर, ह्याचा अर्थ नंतर कळवतो असा आहे," मी पुटपुटले.

"मग कळवू दे की. मी आहे."

मॅडमनी दोन फोन घेतले, एक मीटिंग केली, एक कॉफी घेतली. सुरक्षारक्षक येऊन बघून गेला. शेवटी मॅडमनी होकार दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्लीज, यांना परत आणू नकोस." आमच्या खुर्चीचा मोठा भाग त्या होकारातून आला.

खुर्ची कसली, ते सांगते. चाळीला लिफ्ट नव्हती. वरच्या मजल्यावरचं म्हातारं माणूस आजारी पडलं की खाली आणायचं कसं, हा प्रत्येक चाळीतला प्रश्न. सरांनी त्यासाठी आमचं चौघांचं पथक केलं होतं. मी, गॅरेजमध्ये काम करणारा काडीपैलवान पम्या, आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन बहिणी. सरावाला लाकडी खुर्चीत पाण्याने भरलेला हंडा ठेवायचा, चौघांनी चार पाय धरायचे आणि थेंब न सांडता जिना उतरायचा. चाळीतले किती तरी जण असे आमच्या हातांवरून दवाखान्यात जाऊन आले. फक्त तिसऱ्या मजल्यावरची आक्का तयार होईना.

आक्का एकटी राहायची, गुडघे गेल्यामुळे जिना तिला केव्हाच सुटला होता. मुलगा डोंबिवलीला. पूर्वी ती गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवायची, आणि तिच्या हातचं माशांचं तिखलं खाल्लेली माणसं अजून त्याचं नाव काढून डोळे मिटतात. आता तिच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्याने उजेड-अंधार कळायचा. एकदा पदर पेटता पेटता वाचला, तेव्हा मुलाने गॅसची शेगडी काढून माळ्यावर टाकली आणि डबा लावून दिला. आक्काला आंधळेपणाचं दुःख नव्हतं असं नाही, पण डब्यातल्या आमटीचं त्याहून जास्त होतं. "हेका आमटी म्हणतत? ह्या पाण्यात मी माशे धुवचंय नाय," असं ती रोज डबेवाल्या मुलीला ऐकवायची. डोळा झाला की गॅस परत, असं मुलाने कबूल केलं होतं. धर्मादाय इस्पितळात फुकट शस्त्रक्रियेसाठी तिचं नाव लागलं होतं. दोन तारखा हुकल्या होत्या. तिसरी हुकली की नाव यादीतून जाणार होतं.

आणि बाई जिना उतरायला तयार नाही.

"माका चौघांनी उचलूचा नाय," ती म्हणाली. "चार माणसां उचलतत ता मड्याक. मी जित्ती आसंय."

सरांनी वाद घातला नाही. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले. "मग माणसांनी उचलायचंच नाही. चाकाची खुर्ची आणू." अशी जिना उतरणारी खुर्ची असते, तिला खाली रबरी पट्टे असतात, एक माणूस मागून धरतो आणि ती पायऱ्यांवरून घसरत खाली येते. त्यासाठी पावसाळाभर आम्ही दारोदार घोडा केला. चाळीतल्या खोल्यांनी दिलं, नाक्यावरच्या भाजीवाल्यांनी दिलं, ज्यांचा मोबाइल गेला होता त्या बाईंनीही दिलं. सरांनी जिन्याचं माप घेतलं ते आपल्या पट्ट्याने. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. "टेप कुणाचीही असते, पट्टा आपला असतो," हे त्यांचं शास्त्र. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जुन्या मीटरांची लाकडी पेटी पुढे आलेली, जिना तिथे सगळ्यात अरुंद. पट्टा पाच पदरी दुमडला की बरोबर तेवढी जागा, असं ठरलं.

इथे एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष गेलं नाही. गुरुपौर्णिमा आली. सरांचा जुना पट्टा झिजून पांढरा पडला होता, शिवाय त्याची टोकं आता पोटाभोवती फिरून गाठीपुरती उरत नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना नवा पट्टा दिला. अर्थातच मोठ्या मापाचा. सर गहिवरले. पावसाळ्याच्या शेवटी पैसे जमले, तेव्हा परळच्या दुकानात जाऊन त्यांनी तो नवा पट्टा कमरेचा सोडला, पाच पदरी दुमडला, खुर्चीला लावला, आणि दुकानदाराला म्हणाले, "द्या बांधून. जिन्यासाठीच बेतल्यासारखी आहे."

खुर्ची आली ती शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी. अंगणात तिला हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांनी वंदन केलं. चाळीतली यच्चयावत पोरं तिच्यात बसून गेली. ती वर नेऊन बघावी असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण सरांनी मोजलंय म्हटल्यावर पुन्हा मोजणं म्हणजे त्यांचा अपमान.

सकाळी टॅक्सी खाली उभी. आक्का पहाटेपासून नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. पम्याने खुर्ची वर चढवायला घेतली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती मीटरपेटीला अडकली. आडवी केली, तिरकी केली, उलटी केली. जाईना. पेटी काढावी तर अर्ध्या चाळीची वीज जाणार.

"मी मोजलंय," सर म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला, पाच पदरी दुमडला आणि जिन्याला लावला. पट्टा पेटीच्या वर वीतभर चढला. सर त्या पट्ट्याकडे आणि जिन्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "जिना आवळलाय," ते म्हणाले.

"सर," पम्या म्हणाला, "जिना आहे तेवढाच आहे. पोट सुटलंय तुमचं. ते नवीन पट्ट्याचं माप आहे ना."

मला हसू आलं असतं, पण सरांचा चेहरा बघवेना. पावसाळाभर ज्यांनी ज्यांनी पैसे दिले ते सगळे त्या क्षणी गॅलऱ्यांतून वाकून बघत होते. सरांनी पट्टा हळूच गुंडाळला आणि ते वर गेले. आम्ही मागोमाग. (खुर्ची वाया गेली नाही. पुढे ती आम्ही वरळीच्या एका चाळीला दिली, तिथले जिने ऐसपैस आहेत.)

"आक्का, खुर्ची बसत नाही जिन्यात. चौघं उचलतो, एवढ्या वेळेला," सर म्हणाले.

"नाय."

"पाच जण?"

"पाचवो मडक्या घेवन फुडे चलता. माका म्हायत नाय?"

"तिघं?"

शेजारच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "तीन तिगाडा, काम बिगाडा." पम्या सहा म्हणणार होता, पण त्या जिन्यात सहा माणसं मावली असती तर खुर्ची का अडकली असती? खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला. आक्का पिशवी घट्ट धरून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हट्ट काही सुटेना. जायचं तर होतंच तिला. आमच्यापेक्षा जास्त तिलाच जायचं होतं.

सर तिच्यापुढे पाठ करून खाली बसले. "एकाच्या पाठीवरून कुणी मसणात गेलंय का कधी?"

आक्काने बराच वेळ विचार केला. "नाय," ती म्हणाली. "पाठीर पोरां बसतत."

"मग बसा."

पम्याने तिला सरांच्या पाठीवर बसवलं आणि नव्या पट्ट्याने दोघांना मिळून बांधलं. जुना पट्टा पुरला नसता. सर उठले, कठडा धरला आणि एकेक पायरी उतरू लागले. पुढे पम्या उलटा चालत, मागे आम्ही तिघी. सरांच्या मानेवरून घाम वाहत होता आणि आक्का त्यांच्या खांद्यावरून सांगत होती, "माझ्या घोवान पण माका कधी असा उचलूक नाय." शेवटच्या पायरीवर सरांच्या गुडघ्यातून असा आवाज आला की टॅक्सीवाल्यानेसुद्धा मागे वळून बघितलं. सरांनी आक्काला टॅक्सीत बसवलं, टॅक्सीला वंदन केलं, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतून त्यांना सरळ करायला पम्याला यावं लागलं.

शस्त्रक्रिया छान झाली. संध्याकाळी डोळ्यावर पट्टी लावलेली आक्का टॅक्सीतून उतरली, मी तिचा हात धरून तिला जिन्यापर्यंत आणलं, आणि आम्ही सगळे पहिल्या पायरीपाशी येऊन थांबलो.

उतरायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. चढायचा विचार कुणी केलाच नव्हता.

सर खालच्या पायरीवर बसलेले होते. दुपारभर तिथेच होते, गुडघ्याला फडकं बांधून. बाजूला हार घातलेली खुर्ची. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, अर्धे उठले, पुन्हा बसले. मग आक्काकडे बघून म्हणाले, "आक्का, चुकलं माझं. माप चुकलं. सगळ्यांना वणवण करायला लावलं आणि तुम्हाला वर न्यायची सोय नाही केली." मी त्या माणसाला कधी कुणाची माफी मागताना ऐकलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. आम्ही चौघं नुसते उभे होतो. चौघांनी हात लावायचा नाही, हे तर ठरलेलंच होतं.

आक्का चेहरा वर करून सरांच्या आवाजाच्या दिशेला वळली.

"खुळो काय रे तू, मास्तरा?" ती म्हणाली. "मड्याक कोण वर चढवता? मडा खाली जाता. उचला गो चौघांनी."

सर हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. पम्याने वरून लाकडी खुर्ची आणली, आक्का तिच्यात ऐसपैस बसली, आणि आम्ही चौघांनी चार पाय धरले. माझ्याकडे मागचा डावा होता. ती इतकी हलकी होती की हंडा जड वाटावा. गॅलऱ्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. खालून सरांनी पायऱ्या मोजायला सुरुवात केली, इची, नी, सान, शी, त्यांच्या त्या कुठल्याशा जपानीत. आम्ही मीटरपेटी ओलांडली तेव्हा आक्का खुर्चीतून ओरडली, "मास्तरा, मोजीत बसा नको. माझो गॅस जोडूक कोणाक तरी धाड."